‘पुढे काय?’ : रहस्यकथा, अद्भुतकथा आणि आपलं अडलेलं वाचन

साहित्याच्या विद्यार्थ्यांची एक गंमत आहे. आपण कादंबरी वाचत नाही, कादंबरी ‘करतो’. ‘युनिट टू केलंस का?’ ‘हो, नायिका झाली, वातावरणनिर्मिती राहिलीये.’ कॅन्टीनमध्ये हे बोलणं रोज कानावर पडतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुस्तक परीक्षेला असतं, परीक्षा संपली की पुस्तकही संपतं. बी.ए.च्या पहिल्या दोन वर्षांत अभ्यासक्रमाबाहेरची कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मुलं आमच्या वर्गात शोधावी लागली असती, आणि मी त्यांत सापडले नसते.

हा लेख त्या अडलेल्या वाचनाबद्दल आहे आणि ते कशाने सुटतं याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं: रहस्यकथा आणि अद्भुतकथा वाचकाला आधी वेग देतात. वेग आल्याशिवाय बाकीची पुस्तकं, अगदी थोर पुस्तकंसुद्धा, आपल्यापर्यंत पोचत नाहीत. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत तर हे दुपटीने खरं आहे.

आपल्या हैदराबादच्याच मुलांचं बघा. घरात मराठी. आमच्याकडे तर आजी वसईहून आली की सामवेदी सुरू. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी नाहीतर तेलुगू, आणि रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी दखनी. मराठी बोलायला कुणी अडत नाही. पण मराठीचं पान समोर आलं की काय होतं? देवनागरी येते, ती हिंदीच्या वाटेने आलेली. प्रत्येक शब्द मनातल्या मनात वाजवून बघायचा, मग त्याचा अर्थ लागणार. त्यात मराठी वाक्यात क्रियापद शेवटी. जुन्या लेखकांचं चार ओळींचं वाक्य असेल तर क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता कोण होता हेच विसरायला होतं. अशा वेळी ‘शैलीतील काव्यात्मता’ कुठून दिसणार? आपण अजून ओळ ओलांडायच्या खटपटीत असतो. मग वाटतं, मराठी पुस्तकं कंटाळवाणी आहेत. कंटाळवाणा असतो तो आपला वेग.

माझ्यापुरता हा वेग आला अबिड्सच्या फुटपाथवर. गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमधून रविवारची मिस्सा आटोपून बाहेर पडलं की अबिड्स चालत गाठता येतं. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि बंद शटरांसमोर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. इंग्रजी थ्रिलरचे ढीग, मेडिकल-इंजिनिअरिंगची जाडी पुस्तकं, तेलुगू नवलांचे गठ्ठे, उर्दू मासिकं. मराठी पुस्तक क्वचित, आणि तेही ढिगाच्या तळाशी. मला मिळालं ते नारायण धारपांच्या समर्थकथांचं एक पुस्तक, कव्हर गेलेलं. विकणारे चाचा म्हणाले, ‘मराठी है, कोई लेता नहीं, तीस दे देओ.’ तीस रुपये दिले.

पहिल्या कथेला पाऊण तास लागला. शेवटच्या कथेपर्यंत मी शब्द वाजवून बघणं सोडून दिलं होतं आणि ते सोडल्याचं कळलंही नव्हतं. ‘पुढे काय?’ या प्रश्नाने डोळ्यांना पुढे ओढलं, जोडाक्षरं मागे राहिली. अर्थ न कळलेले शब्द होतेच, पण थांबून शब्दकोश काढायला वेळ कुणाकडे होता? दहा पानांनी तोच शब्द पुन्हा आला की संदर्भाने कळायचा. लहान मूल भाषा शिकतं ते असंच.

हे धारपांकडे इतक्या सहज का घडतं, याचा नंतर विचार केला. धारप (१९२५–२००८) भयकथा लिहितात, पण त्यांची भाषा घाबरलेली नसते. पात्रं बहुधा साधी, नोकरीधंद्यातली माणसं. घर, जिना, शेजारी, चहा, सगळं ओळखीचं. त्या ओळखीच्या घरात एक गोष्ट किंचित चुकीची असते आणि लेखक ती अहवाल लिहावा तशा कोरडेपणाने सांगतो. विशेषणांची आरास नाही, म्हणून वाक्य आखूड, म्हणून वाचणारा धावतो. आपण निबंधात जी ‘अलंकारिक भाषा’ लिहून मार्क मिळवतो, तिच्या नेमकं उलट.

आता थोडा इतिहास, कारण आपल्या अभ्यासक्रमात या मंडळींना जागा नाही. असली तरी एक ओळ.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) शिकतो. ख्रिस्ती कॉलेजात शिकताना त्याचा थोडा अभिमानही वाटतो. हिंदू विधवांचे हाल दाखवणारी, सुधारणेसाठी लिहिलेली, डोळे उघडे ठेवणारी कादंबरी. पण मराठी वाचक तिच्या मागून गेला नाही. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि पुढची कितीतरी वर्षं मराठी कादंबरी त्या वाटेने चालली: ताटातुटी, वेषांतरं, कपटी कारस्थानं, अकस्मात भेटी. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) त्यातलीच. समीक्षक या टप्प्याला ‘अद्भुतरम्य’ म्हणतात आणि बहुतेक वेळा नाक मुरडूनच म्हणतात. मला त्यात दुसरं काही दिसतं. छापलेलं पुस्तक एकट्याने, मनात, करमणुकीसाठी वाचायचं ही गोष्टच तेव्हा नवी होती. पोथी मोठ्याने वाचायची, कीर्तन ऐकायचं, ही सवय असलेल्या माणसाला मुकाट्याने पानं उलटायला कुणी शिकवलं? मला वाटतं, या वेषांतरांनी आणि कारस्थानांनीच.

आणि ज्यांना आपण मराठी वास्तववादी कादंबरीचे जनक मानतो त्या हरिभाऊ आपट्यांची सुरुवात कुठे झाली? त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या लंडन-रहस्यांच्या छायेत लिहिलेली आहे. रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळातला खपाऊ, सनसनाटी लेखक. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारा हात आधी तिथे सरावला.

पुढची यादी मोठी आहे, मी भराभर जाते. दातारशास्त्र्यांच्या रहस्यप्रधान कादंबऱ्या. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३). मग बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), ज्यांचं खरं नाव चंद्रकांत सदाशिव चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रं आणि पुस्तकांची संख्या हजाराच्या वर. गुरुनाथ नाईकही त्याच जातीचे, शेकड्यांनी लिहिणारे. सुहास शिरवळकर आपल्याला ‘दुनियादारी’मुळे आणि त्याहून जास्त तिच्यावरच्या सिनेमामुळे माहीत, पण दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास या त्यांच्या रहस्यकथांच्या नायकांवर एक अख्खी पिढी पोसली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, बहुतेकांना माहीत असावा.

याच जागी हैदराबादची एक आठवण नोंदवते. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरलं होतं. अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या, पण त्या समाजशास्त्रीय मुद्दे मांडायला. गोष्ट त्यात बिचारी मुद्द्यांच्या मागून धापा टाकत येते. विद्वान लोक केतकरांच्या कादंबऱ्यांचं कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. पण मराठी येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलं पुस्तक म्हणून ‘ब्राह्मणकन्या’ देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला हुसेनसागरात ढकलणं.

आपल्या शेजारच्या भाषांनाही हाच अनुभव आहे. तेलुगू मैत्रिणीच्या घरी विचारा, यंडमूरी वीरेंद्रनाथांच्या ‘तुलसीदळम्’ने एकेकाळी किती जणांची झोप उडवली होती. कोम्मूरी सांबशिवरावांचा डिटेक्टिव्ह युगंधर त्याच्याही आधीचा. उर्दूत इब्ने सफींनी १९५२ पासून ‘जासूसी दुनिया’ चालवली आणि जुन्या शहरात आजही त्यांचं नाव घेतलं की एखादे दादाजान खुर्चीत सावरून बसतात. या तिन्ही भाषा आपल्या एकाच शहरात आहेत आणि तिन्हींत वाचकाला चटक लावण्याचं काम मुख्यतः याच पुस्तकांनी केलं.

पण चटक लागली म्हणजे साहित्य कळलं का? इथे आमच्या वर्गात नेहमी वाद होतो. एका मैत्रिणीचं म्हणणं असं की थ्रिलर म्हणजे पाणीपुरी, पोट भरत नाही. मला वाटतं प्रश्न पाणीपुरीचा नाही, ती कशी बनते ते आपण पाहिलंच नाही याचा आहे. म्हणून एक कथा उलगडून बघू.

जी. के. चेस्टरटनचा फादर ब्राउन हा बुटका, छत्री विसरणारा कॅथलिक धर्मगुरू. त्याचा पहिला कथासंग्रह १९११ चा. (चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२२ मध्ये. पात्र लेखकाच्या आधी पोचलं होतं म्हणायचं.) त्यात ‘अदृश्य माणूस’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा आहे. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल सोडावा.

एका इमारतीवर चार माणसांचा पहारा आहे. खून होतो. चौघंही शपथेवर सांगतात की आत कुणीही गेलं नाही. ते खोटं बोलत नाहीत. आत गेला होता पोस्टमन. चौघांनी त्याला पाहिलं, पण ‘कुणी आलं का?’ या प्रश्नाच्या उत्तरात पोस्टमन मोजायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता गंमत अशी की वाचकही त्या चौघांसारखाच फसतो. लेखकाने लपवलेलं काही नाही, सगळं समोर ठेवलंय. रोज दारात येणारा माणूस आपल्याला दिसत नाही, हे एरवी प्रवचनात ऐकलं तर आपण मान डोलावून विसरू. इथे ते आपल्यावर सिद्ध केलं जातं. हा नुसता युक्तीचा भाग नाही. पाणीपुरीवाल्या मैत्रिणीला ही कथा दिली. परत करताना ती एवढंच म्हणाली, ‘आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनचं नाव मला माहीत नाही.’

‘सगळं समोर ठेवणं’ हा रहस्यकथेचा नियमच आहे. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले, अर्ध्या गमतीने, अर्ध्या गांभीर्याने: गुप्त खोली एकाहून जास्त नको, अमानवी शक्ती नकोत, डिटेक्टिव्हच गुन्हेगार नको, हाती लागलेला प्रत्येक धागा वाचकाला लगेच दाखवायचा. याच नॉक्सने पुढे अख्ख्या बायबलचा इंग्रजी अनुवाद केला. शब्द आणि पुरावा दोन्ही तोलून मापून वापरण्याची सवय दोन्हीकडे कामाला आली असणार, हा माझा अंदाज.

नॉक्सचा अमानवी शक्तींबद्दलचा नियम आपल्याला मराठीत एक भेद करायला उपयोगी पडतो. रहस्यकथेत शेवटी बुद्धीला उत्तर मिळतं आणि दार बंद होतं. गूढकथेत आणि भयकथेत दार किलकिलं राहतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून झोपताना दिवा चालू ठेवावासा वाटतो तो त्यामुळे. अद्भुतकथेत तर दारापलीकडे सगळं जगच वेगळं असतं, पण त्या जगाचे कायदे पक्के असतात. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेत ते कायदे भौतिकशास्त्राकडून येतात. परीक्षेत या सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात ‘रंजनपर साहित्य’ लिहून मोकळं होणं सोयीचं आहे, पण तो गठ्ठा सोडला की आत चार वेगळी नाणी निघतात.

अद्भुतकथेवर नेहमीचा आरोप पळवाटेचा. जे. आर. आर. टॉल्किनने १९३९ मध्ये परीकथांवर एक व्याख्यान दिलं, त्यात त्याने हा आरोप उलटवला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की कैदेत पडलेला माणूस घराचा विचार करतो तेव्हा त्याला पळपुटा कसं म्हणणार? रणातून पळणारा शिपाई वेगळा आणि कोठडीतून निसटू पाहणारा कैदी वेगळा. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता, पण त्याच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’मध्ये (१९५४–५५) चर्च नाही, प्रार्थनामंदिर नाही. श्रद्धा कुठे दिसते तर शेवटी वाचवणारी गोष्ट नायकाच्या ताकदीत नसून पूर्वी कधीतरी दाखवलेल्या दयेत असते, त्यात. आणि हे कळायला एक हजारावर पानं वाचावी लागतात. ती पानं वाचण्याइतका दम येतो तोही ‘पुढे काय?’मुळेच.

अनुवादात तर ही पुस्तकं भाषेचा नवाच धडा देतात. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. इंग्रजी नावातला तो तत्त्वज्ञांचा दगड काय असतो हे मला सातवीत गूगल करावं लागलं होतं. ‘परीस’ म्हटल्यावर काहीच करावं लागत नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस आपल्याकडे अभंगांत आहे, आजीच्या बोलण्यात आहे. दूरच्या जादूच्या शाळेतली वस्तू एका शब्दात घरची झाली. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा आनंद फुकटात मिळतो, तो घ्यावा.

गुणगान पुरे, दोषही सांगितले पाहिजेत. यातल्या कितीतरी कादंबऱ्यांत बाई म्हणजे एकतर सुटका करून घेणारी नाहीतर जाळ्यात ओढणारी. तिला स्वतःचं डोकं क्वचित. हजार पुस्तकं लिहायची तर साचे लागतात आणि साचे दिसतात. आणि मोठा प्रश्न उचलेगिरीचा. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून (१९७५) घेतलेली. ज्या ‘तुंबाड’ (२०१८) सिनेमाचं आपण एवढं कौतुक केलं, त्याचं बीज धारपांच्या एका कथेत, त्या कथेचं मूळ पुन्हा किंगमध्ये, आणि सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून! आमचे सर म्हणतात चोरी ती चोरी. मला तेवढं सोपं वाटत नाही. किंगच्या कादंबरीत फादर कॅलहन हा कॅथलिक धर्मगुरू क्रूस हातात धरून पिशाचासमोर उभा राहतो. क्रूस उजळतो. पिशाच म्हणतो, तो क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर ये. फादरला ते धाडस होत नाही, आणि क्रूसाचा उजेड विझतो. हा प्रसंग वाचून मी दोन रविवार मिस्सेत गळ्यातल्या क्रूसाला हात लावताना थबकत होते: माझा विश्वास या धातूवर आहे की आणखी कशावर? आता हे सगळं मराठी मातीत आणायचं तर क्रूसाच्या जागी वस्तू कुठली ठेवणार, फादरच्या जागी माणूस कोण, आणि श्रद्धा डळमळण्याची भीती तिथे कोणत्या रूपात येणार? समर्थकथांमध्ये धारपांनी समर्थ आणि त्यांच्यासोबतचे अप्पा जोशी उभे केले, त्यांचं बळ साधनेतून आलेलं. मूळ लेखकाचं नाव न देणं गैरच. पण त्या जागा भरण्याचं काम लेखकाचं आहे, नक्कल करणाऱ्याचं नाही.

आता वेगाचा हिशेब. धारप, मग मतकरी, मग शिरवळकर अशी साताठ पुस्तकं झाल्यावर मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) उघडली. आपल्या अभ्यासक्रमात तिचा एक उतारा होता, त्यावर पाच मार्कांचा प्रश्न यायचा. तो उतारा ‘केला’ होता. अख्खं पुस्तक तीन दिवसांत संपलं, आणि संपलं ते रहस्यकथेसारखं. टिळक न सांगता घरातून नाहीसे होणारे गृहस्थ. आज आहेत, उद्या नाहीत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी येते आणि बायको नातेवाइकांच्या घरात, पदरात लहान मुलगा. ती जाईल का त्याच्याकडे? कशी जाईल? धर्म बदलेल की नवऱ्याशेजारी वेगळी चूल मांडेल? मला इतिहास ठाऊक होता, शेवट ठाऊक होता, तरी पान उलटताना श्वास अडकत होता. लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात, मोठा प्रसंग एका ओळीत उरकतात आणि क्षुल्लक फजितीवर पानभर रेंगाळतात. ही मांडणीची हुशारी मला दिसली, कारण धारपांनी कुठे रेंगाळायचं आणि कुठे उरकायचं हे ओळखायला शिकवलं होतं. शाळेत न गेलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली ही बाई. तिचं पुस्तक वाचायला आपल्याला वेग कमी पडावा!

‘यमुनापर्यटन’ही मग पूर्ण वाचली. ती मात्र धावत वाचता येत नाही, चालतच जावं लागतं. पण आता चालायला हरकत नव्हती.

मंडळाच्या कपाटात सध्या धारपांची दोन, मतकरींची तीन आणि फास्टर फेणेची पाच पुस्तकं आहेत. शिरवळकर कुणीतरी नेलेत आणि आणलेले नाहीत. पुढच्या महिन्यात ‘लुचाई’ आणि ‘सेलम्स लॉट’ शेजारी शेजारी ठेवून वाचायचं ठरतंय, प्रत्येकी पहिली पन्नास पानं. इंग्रजी बाजू घ्यायला सात जण तयार आहेत, मराठी बाजूला आत्तापर्यंत मी आणि तेलुगू माध्यमातून आलेला एक ज्युनिअर. अजून पाच जण हवेत. ज्यांचं मराठी वाचन अडखळतं त्यांना आधी जागा देऊ.